अपडेटनंतरची टिकटिक

सोलापूरच्या सात रस्त्यावरचे हॉर्न रात्री साडेदहानंतर विरळ होतात, तेव्हा आमचं रेकॉर्डिंग सुरू होतं. खोली एवढीशी, भिंतींवर जुन्या सोलापुरी चादरी, पंखा बंद. भोंगा लावून फिरणाऱ्या रिक्षांच्या जाहिराती हे मुख्य काम. मजकूर एकच, पण तो मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूत लागतो. सोलापुरात एका भाषेवर भागत नाही. खाली संगीत मात्र तेच.

मागच्या उन्हाळ्यात ऐन कामात रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटची विचारणा आली आणि मी ‘हो’ दाबलं. त्यानंतर घेतलेला तेलुगू आवाज संगीताच्या मागे पडू लागला. बोलणाऱ्या ताई ठेका धरून बोलत होत्या, पण परत ऐकताना प्रत्येक शब्द मात्रेवरून घसरलेला. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेच. ताईंना वाटलं, आपलंच चुकतंय. याचं मला फार वाईट वाटलं.

संगीत हेडफोनपर्यंत पोहोचायला आणि आवाज माईकमधून संगणकात उतरायला थोडा वेळ जातो. सॉफ्टवेअर तेवढा वेळ वजा करून आवाज जागेवर आणून ठेवतं. आम्ही मोजून भरलेला तो आकडा अपडेटमध्ये पुसला गेला होता.

मग पुन्हा मोजणं आलं. आकडा शून्यावर ठेवला, एका ट्रॅकवर टिकटिक तयार केली, हेडफोनची एक वाटी माईकला घट्ट धरली आणि तीच टिकटिक दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केली. पडद्यावर लाटा एवढ्या मोठ्या केल्या की एकेक टिक सुळक्यासारखी उभी दिसू लागली. वरचा सुळका आणि खालचा सुळका यांत अंतर ९४ मिलिसेकंद. नुसत्या निवेदनात एवढं खपून जातं; हलगीच्या ठेक्यावर ते लगेच कानाला टोचतं. आकडा भरून पुन्हा टिकटिक घेतली, तेव्हा सुळके बरोबर एकाखाली एक आले.

म्हणून अपडेट टाळत बसावं, असं मला वाटत नाही. डॉमिनिक मझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू केलेलं ऑडेसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात पूर्वी प्रकल्पाची एक छोटी फाइल असे आणि खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये, जेमतेम सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत. पेनड्राइव्हवर नुसती छोटी फाइल घेतली, की आवाज घरीच राहिला! मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने हे सगळं एकाच फाइलीत आणलं. लोकांची वर्षानुवर्षांची रेकॉर्डिंगं हरवण्यापासून वाचवणारा हा बदल मला फार मोलाचा वाटतो. फक्त ती नवी फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. दोन संगणकांवर काम करणाऱ्यांनी दोन्हीकडे एकदमच बदल करावा.

माझी विनंती एवढीच. काम हातात असताना अपडेट करू नका. आधी चालू कामाच्या वेव्ह फाइली काढून ठेवा, सेटिंगचे आकडे वहीत लिहा. आणि बिघाड सापडला तर तो बनवणाऱ्यांना जरूर कळवा: आवृत्ती कोणती, संगणक कोणता, कोणतं बटण कशानंतर दाबलं, सगळं क्रमाने. ‘आवाज नीट येत नाही’ एवढ्यावरून कुणालाच दुरुस्ती करता येत नाही.