खडक चढणाऱ्या गाडीचें चाक

चाकाच्या अवयवांस संस्कृतांत नाभि, अर आणि नेमि अशीं नांवें आहेत. आपल्या खेड्यांतील सुतार नाभीस तुंबा म्हणतो व अरांस आरे म्हणतो; आणि लाकडी घेरावर लोहार लोखंडाची धाव चढवितो. ही धाव घेरापेक्षां किंचित् लहान केलेली असते. ती लाल होईपर्यंत तापवून चाकावर बसविली व वरून पाणी ओतलें, म्हणजे ती आकसून सर्व सांधे आवळून धरते. बाहेरून कडें घालून चाकास बळकटी आणण्याची ही विद्या आजच्या मोटारीच्या चाकासही कशी लावतात, तें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

अमेरिकेंत मोठमोठ्या धोंड्यांवरून मुंगीच्या गतीनें मोटार चढविण्याचा एक छंद आहे. त्यास ‘रॉक क्रॉलिंग’ म्हणतात. कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वतांत रुबिकॉन नांवाची सुमारें ३५ किलोमीटर लांबीची वाट आहे. तिजवर जीपवाल्यांचा पहिला मेळा १९५३ सालीं भरला. यूटांतील मोआब गांवीं ईस्टरच्या सुमारास होणारी जीपयात्रा १९६७ सालीं सुरू झाली. ज्या विलीस जीपपासून हा नाद वाढला, तिची जुळणी महिंद्र कंपनीनें मुंबईंत सुरू केली. तेव्हां आपल्या घरांतील एखाद्या मुलास अगर पुतण्यास ह्या छंदाची ओढ लागली, तर त्यांत नवल नाहीं. मात्र चाकांसाठीं पैसे मागण्यास तो आला असतां काय विचारावें, हें घरांतील वडील मंडळींस ठाऊक असलें पाहिजे.

प्रथम चाकावर कोणता प्रसंग येतो तें पाहूं. सडकेवर टायरमध्यें हवेचा दाब साधारणपणें ३० ते ३५ पौंड असतो. एवढें ताठ टायर खडकावरून घसरतें. म्हणून हवा काढून दाब १२ ते १५ पौंडांवर आणतात. मग टायर मऊ होऊन दगडाच्या उंचसखल अंगास चिकटतें. परंतु त्यामुळें दोन अडचणी उभ्या राहतात. एक, टायर दबल्यामुळें रिमची कड, म्हणजेच नेमि, दगडावर आपटते. दुसरी, ट्यूबविरहित टायरची कड रिमला घट्ट बसते ती हवेच्या दाबानें. तो दाब कमी झाला कीं ती निसटूं शकते.

दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणून ‘बीडलॉक’ नांवाचें चाक निघालें. त्यांत टायरची बाहेरची कड रिम व एक धातूचें कडें यांच्यामध्यें धरून चोहोंकडून बोल्टांनीं आवळतात. त्यामुळें दाब दहा पौंडांच्या खालीं नेला तरी टायर निसटत नाहीं. हे बोल्ट एकामागून एक न आवळतां समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावेत, व थोडा प्रवास झाल्यावर पुन्हां तपासावेत. टायरमधील हवा पूर्ण काढल्यावांचून ते कधींही सोडूं नयेत. अशीं पुष्कळ चाकें केवळ आडवाटेकरितां म्हणूनच विकलीं जातात. तीं घालून रोज सडकेवर हिंडणें शहाणपणाचें नव्हे.

आतां धातूची निवड. पोलादी चाक जड, पण दणका बसला तर तें वांकतें. हातोड्यानें कड ठोकून सारखी करून घरापर्यंत येतां येतें. ओतीव ॲल्युमिनियमचें चाक हलकें व देखणें, परंतु मोठ्या आघातानें तें वांकण्याऐवजीं तडकूं शकतें. घडीव ॲल्युमिनियम त्याहून चिवट, पण महाग. जेथें मदत मिळण्यास दिवस लागेल, तेथें वांकणारें चाक तडकणाऱ्या चाकापेक्षां बरें. चाकाचा व्यासही पाहावा. ३७ इंची टायर १७ इंची चाकावर बसविलें, तर रिम व जमीन यांमध्यें १० इंच रबर राहतें. २० इंची चाकावर साडेआठच इंच राहतें. म्हणून ब्रेकला अडथळा न होईल इतपत लहान चाक घ्यावें. चाक बाहेर काढलें म्हणजे गाडीचा पाया रुंद होतो खरा, पण बेअरिंगवरील ताणही वाढतो. चाक किती भार सोसेल हा आंकडा त्यावर कोरलेला असतो. तो वाचल्याशिवाय खरेदी करूं नये.

पोलादी चाकाची मजबुती दोन रीतींनीं वाढवितात. मधली तबकडी रिमला बहुधा एकाच अंगानें जोडलेली असते. ती दुसऱ्या अंगानेंही वेल्डिंग करून जोडतात. शिवाय रिमच्या कडेवर पोलादी गजाचें कडें वेल्ड करतात. हीच आजची धाव होय. पण एकाच जागीं फार उष्णता दिली तर रिम वेडीवांकडी होते; म्हणून कुशल कारागीर थोडथोडें, समोरासमोर वेल्डिंग करतो आणि शेवटीं चाक फिरवून सरळ आहे कीं नाहीं तें पाहतो. प्रत्येक कड्यानें वजन वाढतें, आणि तें वजन स्प्रिंगांच्या खालीं असल्यामुळें गाडी अधिक हादरते. ॲल्युमिनियमच्या चाकाची चीर मात्र वेल्डिंगनें बुजवूं नये. उष्णतेनें त्याच्या धातूस दिलेलें पाणी उतरतें व तेवढी जागा दुबळी होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, टायर चढविलेलें असतांना रिमवर वेल्डिंग कधींही करूं देऊं नये. आंतील रबर तापून ज्वालाग्राही वायु निघतात, आणि हवा काढलेली असली तरी त्यांचा भडका उडून चाक तोफेच्या गोळ्यासारखें फुटूं शकतें. अशा अपघातांत माणसें दगावलीं आहेत. ‘पांच मिनिटांचें काम, टायर कशाला उतरवितां?’ असें कोणी म्हणालें, तर चाक उचलून घरीं आणावें आणि दुसरा कारागीर पाहावा.