घंटी, मोडेम आणि नंबर: कॉलर आयडीबद्दलचे काही गैरसमज

दवाखान्यात, गॅस एजन्सीत किंवा डबे पोचवणाऱ्या खाणावळीत फोन वाजला की कॉम्प्युटरच्या पडद्यावर गिऱ्हाइकाची नोंद आपोआप उघडावी, ही मागणी साधी वाटते. प्रोग्रॅम लिहून होतो, मोडेम जोडला जातो, आणि पडद्यावर नुसता ‘रिंग’ हा शब्द उमटतो. नंबराचा पत्ता नसतो. मग सगळा दोष प्रोग्रॅमवर येतो. माझ्या मते, हा शोध चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. आधी लाइन तपासावी, मग मोडेम, आणि प्रोग्रॅम सर्वांत शेवटी.

मोडेम नंबर शोधून काढतो, हाच मुळात गैरसमज. नंबर पाठवतं ते टेलिफोन एक्स्चेंज, तेही रिसीव्हर उचलण्याआधी, आणि तुमच्या लाइनवर ती सुविधा चालू असेल तरच. मोडेम फक्त ऐकतो. ऐकलेलं त्याला कळलंही पाहिजे, आणि नंबर पाठवण्याची पद्धत जगभर एकसारखी नाही.

अमेरिकेत पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधल्या शांततेत माहिती येते: १२०० आणि २२०० हर्ट्झ अशा दोन स्वरांत, सेकंदाला १२०० बिटच्या वेगाने. ब्रिटनमध्ये आधी लाइनच्या दोन तारांची पोलॅरिटी उलटते आणि घंटी वाजण्यापूर्वीच १३०० व २१०० हर्ट्झच्या स्वरांत माहिती येऊन पोचते. भारतातल्या अनेक लँडलाइन एक्स्चेंजची रीत तिसरीच. इथेही पोलॅरिटी उलटते, पण पहिल्या घंटीआधी नंबरातले आकडे डीटीएमएफ स्वरांत येतात; बटणं दाबून फोन लावताना कानावर पडतात तेच हे दुहेरी स्वर. अमेरिकी पद्धतीसाठी घडवलेला मोडेम पहिली घंटी झाल्यावर ऐकायला लागतो. तोवर नंबर येऊन गेलेला असतो.

‘फोनशेजारच्या कॉलर आयडीच्या डबीत नंबर दिसतो, म्हणजे मोडेमलाही दिसलाच पाहिजे,’ हा तर्क इथे फसतो. ती डबी इथल्या पद्धतीसाठी बनवलेली असते, मोडेम तसा असेलच असं नाही. काही मोडेममध्ये ‘एटी+जीसीआय’ ही आज्ञा देऊन देश बदलता येतो. भारताचा संकेतांक ५३ आहे, तो हेक्साडेसिमलमध्ये. मात्र चिपला डीटीएमएफ नंबर ओळखण्याची सोयच नसेल, तर देश बदलूनही काही हाती लागत नाही.

मोडेमच्या ‘ओके’वर लोक फार विसंबतात. ‘एटी+व्हीसीआयडी=१’ किंवा जुन्या रॉकवेल चिपवर ‘एटी#सीआयडी=१’ दिल्यावर ‘ओके’ आलं, तर त्याचा अर्थ आज्ञा स्वीकारली गेली, इतकाच. म्हणून कोडची एकही ओळ लिहिण्याआधी पुटीसारखा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, आज्ञा द्या आणि मोबाइलवरून त्या लाइनला फोन लावा. तिथे नंबर उमटला नाही, तर कोणतीही भाषा आणि कोणतीही लायब्ररी तो आणून देणार नाही. विंडोजचा टॅपी हा घटकदेखील नाही. मोडेमने दिलं तेवढंच तो पुढे पोचवतो.

टर्मिनलमध्ये नंबर दिसतो पण आपल्या प्रोग्रॅममध्ये दिसत नाही, असं असेल तेव्हाच कोडकडे वळावं. तिथल्या चुका ठरलेल्या आहेत. सीरियल पोर्टवरची माहिती एका दमात येत नाही. अर्धा नंबर एका घटनेत, उरलेला पुढच्या घटनेत. ओळ पूर्ण होईपर्यंत ती साठवावी लागते. डॉटनेटच्या सीरियल पोर्टमध्ये ‘कॉम्प्युटर तयार आहे’ असं मोडेमला कळवणारा डीटीआर हा संकेत सुरुवातीला बंद असतो आणि काही मोडेम तो चालू केल्याशिवाय दादच देत नाहीत. पहिल्याच घंटीला फोन आपोआप उचलण्याची सेटिंग असेल, तर अमेरिकी पद्धतीत नंबर येण्याआधीच लाइन उचलली जाते. टॅपी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की कॉल आल्याची सूचना आणि नंबराची सूचना वेगवेगळ्या येतात. पहिलीवरच नंबर वाचायला गेलं तर तो रिकामा मिळतो.

नंबर ही संख्या आहे असं समजून ती डेटाबेसमध्ये तशीच ठेवणारे पुष्कळ आहेत. सुरुवातीचं शून्य तिथेच गळतं, आणि अमेरिकी पद्धतीत नंबर लपवलेला असेल किंवा उपलब्ध नसेल तर आकड्यांऐवजी ‘पी’ किंवा ‘ओ’ हे अक्षर येतं. नंबर मजकूर म्हणूनच साठवावा. भारतात एसटीडी कोड धरून लँडलाइनचे आकडे दहा होतात आणि मोबाइलचेही दहाच, तेव्हा ०, ९१ वगैरे उपसर्ग बाजूला ठेवून शेवटचे दहा आकडे जुळवणं सर्वांत भरवशाचं.

नावाचं काय? डीटीएमएफ पद्धतीत नाव येतच नाही. मोबाइलवर ट्रूकॉलर दाखवतो ते नाव त्याच्या स्वतःच्या साठ्यातलं असतं, लाइनवरून आलेलं नसतं. कॉल करणाऱ्याचं नोंदणीकृत नाव नेटवर्कनेच दाखवावं, अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. आणि नंबर दिसला म्हणजे माणूस ओळखला, असंही नाही. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये खोटा नंबर घालता येतो. नुसत्या नंबरावर विसंबून पेशंटचा रिपोर्ट फोनवर वाचून दाखवणं धोक्याचं आहे.

ब्रॉडबँडच्या राउटरलाही आपण मोडेमच म्हणतो, पण त्याला या आज्ञा कळत नाहीत. फायबरचं कनेक्शन असेल तर राउटरच्या फोन जॅकला व्हॉइस मोडेम जोडावा लागतो, आणि नंबर कोणत्या पद्धतीने पाठवायचा हे तो राउटर ठरवतो.

नव्याने व्यवस्था उभारणाऱ्याला मी सिमकार्डाचा मोडेम सुचवेन. तिथे घंटी, स्वर, पोलॅरिटी यांचा प्रश्नच येत नाही. ‘एटी+सीएलआयपी=१’ दिलं की प्रत्येक घंटीपाठोपाठ नंबर अवतरणचिन्हांत येतो आणि त्यामागे एक आकडा, १४५ असेल तर नंबर आंतरराष्ट्रीय स्वरूपात आहे असं समजावं. फक्त विकत घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: तो व्हॉइस कॉल घेतो का, कारण काही डाँगल निव्वळ डेटासाठी असतात, आणि तुमच्या सिमच्या नेटवर्कवर तो चालतो का. जिओच्या सिमवर टूजी-थ्रीजी मोडेमला कॉल येणारच नाही.