गच्चीवरचा पडदा, चाळीतला पडदा

खार पश्चिमेला टॉवरांच्या गराड्यात चुईम नावाचं जुनं गावठाण अजून टिकून आहे. समुद्र इथून फार लांब नाही. ‘कॅम्प’ या कलावंतांच्या गटाचा मुक्काम याच गावात. शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली तो सुरू केला. चित्रफितींचे मोठे ऑनलाइन संग्रह ते सांभाळतातच, पण गेली पंधराहून अधिक वर्षं गच्चीवर सिनेमाही दाखवतात. दिवस मावळल्याशिवाय खेळ सुरू होत नाही आणि पावसाळ्यात पडदा गुंडाळूनच ठेवावा लागतो. थिएटरवाले ज्यांना हात लावत नाहीत, अशा चित्रपटांना मुंबईत असा आसरा मिळतो.

याच गटाचा ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ हा २०१३चा चित्रपट मला फार मोलाचा वाटतो. कच्छच्या किनाऱ्यावर बांधलेली लाकडी जहाजं माल भरून शारजा, इराण, सोमालियापर्यंत जातात. त्यांवरच्या खलाशांनी आपापल्या मोबाइलवर जे टिपलं, त्यातून हा ८३ मिनिटांचा चित्रपट उभा राहिला. डेकवर दाटीवाटीनं उभ्या बकऱ्या, उसळती लाट, रिकाम्या वेळेतला नाच. त्या काळच्या फोनमधलं चित्र इतकं बारीक की मोठ्या पडद्यावर त्याचे चौकोनी ठिपके फुटतात. गाणी खलाशांनीच आपल्या क्लिपांना जोडलेली होती, ती तशीच राहू दिली आहेत. संपादकाच्या हातातला हा संयम मला दिग्दर्शनाइतकाच मोठा वाटतो.

आपल्याकडे उघड्यावरच्या सिनेमाकडे गरिबाची सोय म्हणून पाहायची सवय आहे. पुसेगावसारख्या जत्रांतल्या तंबू-टॉकीजबद्दलही तसंच बोललं जातं. अमित मधेशिया यांनी मात्र तंबूतल्या प्रेक्षकांचे चेहरे टिपले, आणि २०११मध्ये त्या छायाचित्रांना वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. पडद्याचा उजेड पडलेले ते चेहरे पाहिले की सोय हा शब्द अपुरा वाटतो.

काही चित्रपट तर मुळात ज्यांचे आहेत, त्यांच्या दारातच लागायला हवेत. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ २०१२च्या जानेवारीत भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला. १८९६च्या प्लेगनंतर नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं या चाळी बांधल्या. चित्रपट जवळजवळ सव्वातीन तासांचा, घडायला चौदा वर्षं लागलेला. त्यामागची घटना अशी: ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं गेली. पुढच्या काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात १९८५ सालीच घोगरेंचं गाणं आलं होतं.

महोत्सवातला प्रेक्षक हे सगळं माहिती म्हणून पाहतो. चाळीतल्या माणसाला त्यातली गाणी आंबेडकर जयंतीच्या मंडपापासून तोंडपाठ असतात. एखादा तपशील चुकला असेल तर तो सांगणाराही तिथेच बसलेला असतो. अशा प्रेक्षकासमोर आपलं काम ठेवणं ही दिग्दर्शकाची खरी परीक्षा. ‘कॅम्प’चं काम २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मांडलं गेलं, याचा आनंद आहेच. पण पालिकेनं वॉर्डातलं एखादं मैदान महिन्यातून एका संध्याकाळी अशा पडद्यासाठी मोकळं ठेवलं, तर मला त्याहून अधिक आनंद होईल.