कान्होजी आंग्रे : सरखेल कीं चांचा ?

चाकणच्या पूर्वेस, खेड तालुक्यांत, भीमेच्या खोऱ्यांत काळूस म्हणून एक गांव आहे. आंग्रे घराण्याचें मूळ येथील, आडनांव संकपाळ, व गांवाच्या आंगरवाडीवरून पुढें आंग्रे हें नांव रूढ झालें, अशी परंपरा सांगितली जाते. ज्या चाकणच्या संग्रामदुर्गावर 1660 सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाच्या फौजेस बहुत दिवस झुंजविलें, त्याच मुलुखांतील हें घराणें. समुद्र येथून सह्याद्रीच्या पलीकडे. असें असतां पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत मोठा दर्यावर्दी अधिकारी या देशस्थ घराण्यांत निपजला. इंग्रज व पोर्तुगीज लेखकांनीं त्यास चांचा म्हटलें. या शब्दास अस्सल कागदांचा आधार कितपत मिळतो, तें पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम पदाचा विचार करूं. ‘सरखेल’ हा शब्द फारसी असून टोळीचा अगर पथकाचा मुख्य असा त्याचा मूळ अर्थ आहे. मराठी राज्यांत तो आरमाराच्या मुख्याधिकाऱ्यास लागूं लागला. कान्होजीचा बाप तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरींत होता. कान्होजीनें प्रथम नांव मिळविलें तें सुवर्णदुर्गावर. तेथील किल्लेदार सिद्दीस फितूर झाला असतां त्यानें किल्ला राखिला, असें बखरकार सांगतात. पुढें सिधोजी गुजराच्या मागें, सुमारें 1698 सालीं, आरमाराचा मुख्य अधिकार त्याजकडे आला. तात्पर्य, तो चाकरींत पायरीपायरीनें चढलेला अंमलदार होता.

आतां दस्तकाचा मुद्दा. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज या समुद्रांत परवाना घेतल्यावांचून जहाज हांकूं देत नसत. परवाना नसलेलें जहाज ते धरीत आणि त्यास कोणी चांचेगिरी म्हणत नसे. कान्होजीनें कोंकण किनाऱ्यावर तोच नियम मराठी राज्याच्या नांवें चालविला. इंग्रज कंपनीशीं त्याचा खरा तंटा या हक्काचाच होता. 1712 सालीं त्यानें इंग्रजांचें जहाज धरिलें व त्यावरील इंग्रज स्त्री कैदेंत ठेविली. 1713 सालीं 30,000 रुपये घेऊन ती सोडिली, व मुंबईकरांशीं करार झाला. पुढें कंपनीच्या निशाणाखालीं चालणारा देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजांचा मानावा कीं नाहीं, यावरून पुनः कलह जुंपला. हा वाद कराराच्या अर्थाचा आहे. लुटारूशीं असा वाद कोणी घालीत नाहीं.

तिसरा व निर्णायक पुरावा घाटमाथ्यावरचा आहे. शाहू महाराज व ताराबाई यांच्या कलहांत कान्होजी प्रथम ताराबाईच्या पक्षास होता. 1713 सालीं शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे त्याजवर चालून गेला, तेव्हां कान्होजीनें त्यासच कैद केलें व लोहगड घेतला. चिंचवडाहून मावळांत जाणारी वाट ज्याच्या नजरेखालीं, तो किल्ला आरमारी सरदाराच्या हातीं गेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पेशवाईचीं वस्त्रें मिळालेल्या बाळाजी विश्वनाथानें शस्त्र न उचलितां बोलणें लाविलें. 1714 च्या तहान्वयें कान्होजीनें शाहूचा पक्ष स्वीकारिला, बहिरोपंतास सोडिलें, लोहगड परत दिला. उलट त्याजकडे सरखेलपद, दहा किल्ले व सोळा लहान ठिकाणें कायम झालीं. ज्याच्या अधिकारास छत्रपतीची मान्यता आहे, त्यास चांचा म्हणणें म्हणजे छत्रपतीचें राज्यच नाकारणें होय.

परक्यांची कृतिही तेंच सांगते. गव्हर्नर बून याच्या कारकीर्दींत इंग्रजांनीं 1717 सालीं विजयदुर्गावर व 1718 सालीं खांदेरीवर केलेले हल्ले फसले. 1721 च्या डिसेंबरांत इंग्रज व पोर्तुगीज मिळून सुमारें 6000 लोकांनिशीं कुलाब्यावर आले. इंग्लंडच्या राजाचीं चार लढाऊ जहाजें घेऊन कमोडोर मॅथ्यूज बरोबर होता. तीही स्वारी निष्फळ झाली, व जानेवारी 1722 मध्यें पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं निराळा तह केला. हाच मॅथ्यूज 1744 सालीं तुलों येथें फ्रेंच व स्पॅनिश आरमारांशीं लढला. त्या लढाईबद्दल स्पेनच्या राजानें आपला आरमारप्रमुख नाव्हारो यास ‘विजयाचा मार्क्विस’ हा किताब दिला. इकडे मॅथ्यूजची चौकशी होऊन तो नोकरींतून निघाला. एकाच इंग्रज सेनानीस दाद न देणारे हे दोघे अधिकारी. एकास युरोपांत किताब, दुसऱ्यास चांचा ही पदवी!

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आरमाराचा खर्च मुलुखाच्या वसुलाबरोबरच दस्तकावर व धरलेल्या मालावर चाले, त्यामुळें राज्याचा हक्क व घराण्याचा लाभ एका हातांत आले. 4 जुलै 1729 रोजीं कान्होजी वारला. पुढें मुलांत दुही माजली, पद वतनासारखें झालें, आणि तुळाजी आंग्र्यावर पेशव्यानें इंग्रजांची मदत घेतली. 1756 च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या बंदरांत तें आरमार जळालें. दोष पदाच्या रचनेंत होता. पद खोटें नव्हतें. 1951 सालीं भारतीय नौदलानें मुंबईच्या आपल्या किनारी ठाण्यास ‘आंग्रे’ हें नांव दिलें, तें या पदाचेंच स्मरण होय.

संग्राहकांस एक विनंति. पिंपरी, चिंचवड व चाकण येथें कारखाने उभे राहिले, जुने वाडे उतरले, आणि वाड्याबरोबर रुमालही जातात. खेड व मावळ तालुक्यांत आंग्रे किंवा संकपाळ नांवाचा कागद हातीं आल्यास तो कोणत्या गांवीं, कोणत्या बासनांत मिळाला हें प्रथम टिपून ठेवावें. शिक्का कापूं नये, पाठीवरील शेरा पुसूं नये, जोडपत्रें वेगळीं विकूं नयेत. कारण सरखेल कीं चांचा, हा निवाडा मजकुराइतकाच मायना, शिक्का व तारीख यांवर होतो.