चीज कुणासाठी कोणतं?

‘मॅडम, चीज खाल्लं तर चालेल का?’ आहारतज्ज्ञ म्हणून मला हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला धास्ती असते ती चरबीची. मी मात्र आधी रक्तदाब विचारते.

आपल्याकडे बहुतेक घरांत चीज म्हणजे प्रोसेस्ड चीजचे क्यूब नाहीतर स्लाइस. वितळवताना त्यातला स्निग्धांश आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून सोडियमचे सायट्रेट, फॉस्फेट असे क्षार घालतात. मूळच्या मिठात ही भर. त्यामुळे 100 ग्रॅममध्ये 1200 मिलिग्रॅमहून जास्त सोडियम सहज भरतं. वीस-वीस ग्रॅमच्या दोन स्लाइस घातल्या की पाचशेच्या आसपास पोटात गेलं. ब्रेड आणि सॉसचं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी 2000 च्या आत राहायला सांगते. माझ्याकडे येणारे एक काका रक्तदाबासाठी पापड-लोणचं कटाक्षाने टाळायचे, पण संध्याकाळी नातवाबरोबर चीज टोस्ट ठरलेला. तो आनंद मला त्यांच्याकडून काढून घ्यायचा नव्हता. बिनमिठाचं घरचं पनीर किसून, वर मिरपूड आणि कोथिंबीर घालून टोस्ट करा म्हटलं. आता नातूही तेच खातो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोसेस्ड चीज नकोच. त्यात घातलेलं फॉस्फेट शरीरात फार सहज शोषलं जातं. पनीर किती खायचं, तेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दूध पचत नाही म्हणून चीजही सोडणाऱ्या बायका भेटतात, तेव्हा मला वाईट वाटतं. पाळी गेल्यानंतर रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. चीज करताना दुधातली बरीचशी साखर, म्हणजे लॅक्टोज, निवळीबरोबर निघून जाते, आणि उरलेली चीज मुरताना जिवाणू संपवतात. म्हणून जुनं चेडार किंवा पार्मेझान अशांना बहुधा सोसतं. 30 ग्रॅम चेडारमधून दोनशेच्या वर कॅल्शियम मिळतं. रिकोटा, कॉटेज चीज ही ताजी चीज मात्र त्यांना त्रास देऊ शकतात. रक्तदाबही असेल तर एमेंटाल पाहा. त्यात कॅल्शियम भरपूर आणि सोडियम 100 ग्रॅमला साधारण दोनशेच. महाग आहे, खरं.

वाढत्या, हडकुळ्या मुलाला चेडार किंवा मोझरेला बिनधास्त द्या. वजन कमी करणाऱ्याने मात्र चेडारमध्ये जवळपास एक तृतीयांश चरबी असते हे ध्यानात ठेवून आधी मोजावं, मग खावं. गरोदरपणात ब्री, कॅमेम्बर्ट किंवा निळ्या बुरशीचं मऊ चीज कच्चं नको. लिस्टेरिया जिवाणूंचा धोका असतो.

दुकानात पाकीट उलटं करून ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द शोधा. तो असेल तर दुधाच्या स्निग्धांशाऐवजी बहुधा वनस्पती तेल आहे. मग सोडियमचा आकडा वाचा. 100 ग्रॅमला 600 च्या वर असेल, तर ते चीज रोजच्या डब्यात देऊ नका.