रिकामा गीझर, निवांत झोप

सकाळी 6.00
लेहचा जानेवारी. खिडकीबाहेरचा थर्मामीटर उणे 17 दाखवतोय. बुखारी पेटवतो, तिच्यावर पातेलं चढवतो. बाथरूमकडे फिरकतही नाही. काल संध्याकाळीच सगळं रिकामं केलंय. तिथं गोठायला काही उरलेलंच नाही.

8.30
चादर ट्रेकला आलेली पोरं उठतात, निम्मी आपल्याकडचीच. "दादा, गीझर कधी?" "ऊन भिंतीवर आलं की." तोवर बुखारीवरचं बादलीभर पाणी. साडेतीन हजार मीटरवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. चहाला जरा जास्त वेळ द्यावा लागतो.

10.30
ऊन दक्षिणेच्या भिंतीवर आलं. हिवाळ्यात याच भिंतीचं एक बाथरूम आम्ही चालू ठेवतो. आता क्रम चुकवायचा नाही. ड्रेन कॉक बंद. गरम पाण्याचा नळ उघडा. मग इनलेटचा व्हॉल्व्ह. नळ आधी फुसफुसतो, थुंकतो, मग सलग धार धरतो. टाकी भरली. आता बटण. पहिल्या हिवाळ्यात मी आधी बटण दाबलं होतं. कोरड्या टाकीत एलिमेंट जळून गेलं. तेव्हापासून रात्री बटणावर चिकटपट्टी लावतो.

दुपारी 12.30
बोअरचा पंप तासभर. पाणी घरातल्या टाकीत चढतं. पाईप उताराला बसवलाय. पंप थांबला की उरलेलं पाणी आपोआप मागे जातं. पाईपला पोट पडलं की तिथं पाणी साचणार आणि रात्री बर्फ होणार.

2.30
वरच्या मजल्यावर ठिबक. तिथल्या एल्बोत थोडं पाणी राहिलं असणार, आणि तो रात्रीच चिरला असणार. बर्फ होता तोवर त्यानेच चीर बुजवली, उन्हाने वितळल्यावर गळती दिसली. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, लोखंडालाही जुमानत नाही. नुसत्या गोठलेल्या पाईपला मी दिवटी लावत नाही. नळ उघडा ठेवून, त्या बाजूनेच गरम पाण्यातली फडकी गुंडाळत मागे जातो.

4.30
ऊन उतरलं. बटण बंद, चिकटपट्टी. इनलेट बंद, ड्रेन कॉक उघडा. धार येते आणि अडते. वरचा गरम नळ उघडून हवा आत घेतली की पंचवीस लिटर भडभडून खाली येतं. ते सांडत नाही. स्वयंपाकघरातल्या पिंपात जातं.

एक पाहुणा विचारतो, गीझर रात्रभर चालूच ठेवला तर? श्रीनगर–लेह लाईन 2019 मध्ये सुरू झाल्यापासून वीज बरी आहे. पण थर्मोस्टॅट टाकी सांभाळेल, भिंतीवरचे पाईप नाही. आणि वीज गेलीच, तर टाकीचाही भरवसा नाही.

रात्री 9.00
घरमालकीण आमा-ले दारातून हाक मारतात, "पाणी काढलंस ना?" "काढलं, आमा-ले." मग सगळे नळ उघडे आहेत ना, हाताने चाचपतो.

9.30
आईचा फोन, माणहून. तिकडं दुष्काळाची सवय. झोपायच्या आधी घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं पाहिजे.
"पाणी भरून ठेवलंस का रे?"
"नाही, आई. काढून टाकलं."
पलीकडे क्षणभर शांतता. मग, "वाया नाही ना घालवलंस?"
"पिंपात आहे, बुखारीशेजारी."
"मग झोप आता."