आईला लावलेला बोल आणि जनुकांची साक्ष

मूल दोन वर्षांचं होऊन गेलं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, खेळण्यातल्या गाडीचं चाकच तेवढं फिरवत बसतं. पारनेर असो की पाथर्डी, अशा घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. आजी म्हणते, "त्याचा बापही उशिराच बोलला होता." शेजारीण म्हणते, "आईनं मोबाईल दिला हातात, दुसरं काय!" आजीच्या बोलण्यात तिच्याही नकळत बरंच विज्ञान आहे. शेजारणीच्या बोलण्यात जुना अन्याय आहे, मोबाईल तेवढा नवा.

बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि अशा मुलांच्या स्वमग्नतेला, म्हणजे ऑटिझमला, वैद्यकात स्वतंत्र जागा मिळाली. पण पुढची वीसेक वर्षं अमेरिकेतले मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले की, मायेचा ओलावा नसलेल्या आयांमुळे मुलं अशी होतात. या समजुतीला 1964 मध्ये पुस्तक लिहून आव्हान दिलं ते बर्नार्ड रिमलंड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. 1977 मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडं स्वमग्न होती. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांत अशी एकही नव्हती. नमुना छोटा, पण आयांवरच्या आरोपाचा पाया त्यानं हलवला. 2019 मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी पाहिल्या गेल्या, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 80 टक्के निघाला. याचा अर्थ स्वमग्न व्यक्तीचं मूल स्वमग्न होण्याची शक्यता 80 टक्के, असा मात्र नाही. समाजात या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला बहुतांश जनुकांमुळे येतो, एवढंच हा आकडा सांगतो.

मग ते जनुक कोणतं? एक नाहीच. 2020 च्या एका मोठ्या अभ्यासानं 102 जनुकांकडे बोट दाखवलं. 'शँक-3' हे त्यांतलं एक. दोन चेतापेशी जिथं एकमेकींशी बोलतात, त्या सांध्याची बांधणी ते सांभाळतं. 'सीएचडी-8' इतर अनेक जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवतं. अशा जनुकांतले पुष्कळ बिघाड आईतही नसतात, बापातही नसतात. बीज तयार होतानाच नव्यानं घडतात. तेव्हा "आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं" हा सासर-माहेरचा वाद तिथंच मिटायला हवा. उरलेल्या बहुतेक मुलांत अगदी बारीक परिणामाचे असंख्य फरक एकत्र आलेले असतात. तेच फरक थोड्या प्रमाणात वडिलांत, मामात, आत्यातही सापडू शकतात.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. 2008 मध्ये मध्यपूर्व, तुर्कस्तान आणि पाकिस्तानातल्या नात्यात लग्न झालेल्या कुटुंबांचा अभ्यास झाला. दोन्हीकडून तोच जनुकदोष आल्यानं स्वमग्नता उद्भवल्याची उदाहरणं त्यात सापडली. अशी मुलं एकूणात थोडी, पण ती जोखीम टाळण्याजोगी आहे.

मेंदूत हे सारं घडतं केव्हा? स्वमग्नतेशी जोडलेली बरीच जनुकं गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत, मेंदूचं बाह्यक घडत असतानाच जोरात काम करतात, हे 2013 च्या संशोधनात दिसलं. 2017 मध्ये स्वमग्न मुलांच्या धाकट्या भावंडांचे एमआरआय काढले गेले. ज्यांना पुढे स्वमग्नता आली, त्यांच्या मेंदूचा पृष्ठभाग सहा ते बारा महिन्यांच्या वयातच वेगानं पसरत होता. म्हणजे ही घडण सुरू होते जन्माआधी, आणि गोवराची पहिली लस आपण देतो नवव्या महिन्यानंतर. या लशीमुळे स्वमग्नता येते असा आळ घेणारा डॉक्टर वेकफिल्ड यांचा 1998 चा, अवघ्या 12 मुलांवरचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं 2010 मध्ये मागे घेतला. अफवा मात्र अजून फिरतेच आहे.

एवढं कळूनही जनुकचाचणीनं आज मुलाची थेरपी सहसा बदलत नाही. फ्रॅजाइल एक्ससारख्या जनुकीय विकाराचं निदान झालं तर पुढच्या गरोदरपणासाठी सल्ला मिळतो, आणि तोही मोलाचा. पण कर्ज काढून मूलपेशींच्या इंजेक्शनांसाठी मोठ्या शहरांकडे धावणाऱ्या पालकांनी हे ऐकावं: स्वमग्नतेवर मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022 मध्येच स्पष्ट केलं आहे.

खरी आशा मला गोव्यात दिसते. तिथल्या 'संगाथ' संस्थेनं रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांबरोबर 65 मुलांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. पालक मुलाशी खेळत असताना चित्रफीत घ्यायची, ती त्यांनाच दाखवायची आणि मुलाच्या इशाऱ्याला प्रतिसाद कसा द्यायचा ते शिकवायचं. हे काम डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी केलं. लक्षणं पुसली गेली नाहीत, पण मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. जामखेडमध्ये 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका बनवलं. त्यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. ते काम बाळंतपणाचं, कुपोषणाचं होतं. पण जामखेडच्या ज्या जिल्ह्यानं जगाला हा धडा दिला, त्याला गोव्याची रीत उचलणं अवघड जाऊ नये.

तोवर आजीचं वाक्य खरं धरूनही वाट बघत बसू नका. दीड वर्षाचं मूल बोटानं दाखवून "ते बघ" करत नसेल, नावाला प्रतिसाद देत नसेल, तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागून घ्या. ही तपासणी मोफत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं स्वमग्नता दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत येते. प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा.